चुकलेले जोड

गुडघे आणि कंबर एकाच सुमारास कुरकुरायला लागल्यावर मी डॉक्टरकडे जायच्या आधी बुटांच्या दुकानात गेलो. बँकेतली नोकरी संपली होती, ठाण्यात तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’, ‘मणक्यात गॅप आलाय’ अशी निदानं तिथल्या कट्ट्यावर फुकट मिळत होती. उपायही तिथेच ठरला. “चांगले बूट घ्या, पैशाकडे बघू नका.” मी पैशाकडे बघितलं नाही. दुसऱ्या कशाकडेही बघितलं नाही. पुढे बुटांवर जेवढा खर्च झाला, त्यात फिजिओथेरपी आरामात भागली असती. माझ्या वयाची बरीच मंडळी याच क्रमानं याच चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक मऊपणाची. दुकानात बूट हातात घेतला, आत अंगठा दाबला, मेमरी फोमची गादी खोलवर दबली आणि मी खूश झालो. दुखऱ्या सांध्याला मऊ बरं, एवढाच हिशेब. सोल दिसायला जाडजूड होता, पण दोन हातांत धरून पिळला तर ओल्या फडक्यासारखा पिळला जायचा. असं पिळून बघायचं असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. मग चालून आल्यावर पोटऱ्या आणि घोटे भरून यायला लागले. मऊ फोममध्ये पाऊल रुततं तेव्हा ते सरळ खाली जात नाही; थोडं आत किंवा बाहेर कलतं, आणि त्याला सावरण्याचं काम घोट्याला, गुडघ्याला, कमरेच्या स्नायूंना करावं लागतं. त्यात आमच्या फुटपाथांवरचे पेव्हर ब्लॉक, एक वर आलेला, शेजारचा खचलेला. एका सकाळी घोटा मुरगळला आणि फेऱ्या बंद पडल्या.

पायाला आधार मिळतो तो बुटाच्या ठरावीक ठिकाणच्या कडकपणातून. टाचेला मागून धरणारी घट्ट वाटी, सहज न पिळला जाणारा मधला सोल आणि पावलाच्या वरच्या बाजूला नाडीनं बसलेली पकड, या तीन गोष्टी आधी. मऊपणा त्यांच्यानंतर.

दुसरी चूक पहिलीवर उगवलेला सूड होती. फेऱ्यांमधल्या एका मित्रानं सांगितलं, “माणूस हजारो वर्षं अनवाणी चालला, हे सगळं बूटवाल्यांचं खूळ आहे.” मी लगेच पातळ, सपाट, कसेही वाकणारे बूट घेतले. वाचून घेतले, हे विशेष. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना चालवून मोजमापं घेतली होती. सपाट, लवचीक पादत्राणांत गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार कमी होतो, असं त्यांना दिसलं होतं. ते खरंच आहे. मी त्याचा अर्थ ‘गुडघेदुखी कमी होईल’ असा लावला. गुडघा होता तसाच राहिला आणि टाच नव्यानं सुरू झाली. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं काचेवर टाकावीत तशी. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो; सवय नसताना पातळ सोलवर एकदम तेवढंच अंतर चालल्यानं त्याला ताण बसला होता.

नंतर मेलबर्न विद्यापीठाचा २०२१ सालचा अभ्यास वाचनात आला. गुडघ्याचा संधिवात असलेल्या १६४ जणांपैकी काहींना भक्कम, आधार देणारे आणि काहींना सपाट, लवचीक बूट दिले आणि सहा महिने, रोज किमान सहा तास घालायला सांगितले. भक्कम बुटांच्या गटात ५८ टक्के लोकांचं चालतानाचं दुखणं जाणवण्याइतकं कमी झालं, सपाट बुटांच्या गटात ४० टक्क्यांचं. पाऊल आणि घोटा दुखण्याच्या तक्रारीही सपाटवाल्यांत जास्त. भार कमी झाला म्हणजे वेदना कमी झाली, असं शरीर मानत नाही. अर्थात भक्कम बुटांनीही सगळ्यांना गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

तिसरी चूक सगळ्यांत जुनी. कॉलेजपासून मी ‘आठ नंबरचा’ माणूस. दुकानात शिरताच आठ मागायचे, स्टुलावर बसून एका पायात घालायचा, “घट्ट वाटतोय” म्हणायचं, “काका, वापरून सैल होतील” ऐकायचं आणि बिल भरायचं. खरेदी बहुधा सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नको म्हणून. चालायला लागून अर्धा तास झाला की उजव्या पायाच्या मधल्या बोटांत मुंग्या यायच्या. मी ते सायटिकाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तेव्हा त्या बाईंनी कंबर तपासून झाल्यावर विचारलं, “मुंग्या अनवाणी चालताना येतात का?” येत नव्हत्या. मग त्यांनी मला दोन कागदांवर उभं केलं, पावलांभोवती पेन्सिल फिरवली आणि माझे बूट त्या आकृत्यांवर ठेवले. पाऊल दोन्ही बाजूंनी बुटाबाहेर येत होतं. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला, आणि त्यात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. बुटात बोटं एकमेकांवर दाबली गेली की त्यांच्यामधल्या नसा आवळल्या जातात; मुंग्या तिथल्या होत्या.

वयानुसार पावलाचे बंध सैल पडतात, पाऊल पसरतं आणि थोडं लांबतं. दिवसभरात पाय सुजतातही, त्यामुळे सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. पण तो आकडा लांबीचा. रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेच्या पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आपण मात्र त्यांच्याच मापात पाय कोंबतो. आता मी नऊ नंबरचा, रुंद घडणीचा जोड घेतो. सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडतो आणि माप नेहमी मोठ्या पायाचं धरतो.

त्या बाईंनी बूट तपासायलाही शिकवलं. टाचेमागची वाटी दोन बोटांत दाबायची. ती सहज चेपली तर बूट बाद. पुढचं टोक वर उचलून वाकवायचं. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात तिथे. मधोमध घडी पडली तर बाद. मग पिळून बघायचं. माझा महागडा मेमरी फोम तिन्ही परीक्षांत नापास झाला.

पुढची चूक कंबरेनं करायला लावली. वाकून नाडी बांधवत नव्हती, म्हणून पाय सरकवला की झालं असे बिननाडीचे बूट घेतले. टाच आत वरखाली व्हायची आणि बूट निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जायची. चालून आल्यावर तळवे दुखायचे. नाडीचा प्रश्न बूट बदलून सोडवायचा नव्हता. दाराशी पुरेसं उंच स्टूल, लांब दांड्याचा शूहॉर्न आणि ताणल्या जाणाऱ्या इलॅस्टिकच्या नाड्या, एवढ्यात तो सुटला.

कंबरेसाठी मी इनसोलही आणले आणि होडीच्या तळासारखा गोल सोल असलेले बूटही. माझ्या जुन्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूला झिजलेली दाखवून दुकानदारानं “तुमची चाल बिघडलीय” असं गंभीरपणे सांगितलं होतं. बहुतेकांची टाच मागच्या-बाहेरच्या कडेवरच आधी टेकते, तिथली थोडी झीज साधी असते, हे नंतर समजलं. दोन्ही बुटांची झीज वेगवेगळी असेल किंवा बूट एका अंगाला कलंडला असेल, तर मात्र दाखवावं. इनसोलांनी कंबरदुखी टळत नाही, हा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. गोल तळाच्या बुटांची परीक्षा लंडनच्या संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर घेतली. २०१३ साली आलेल्या त्या अहवालात साध्या सपाट तळापेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि उभं राहिल्यावर किंवा चालताना ज्यांची कंबर दुखायची, त्यांना तर साधेच बूट बरे पडले. कंबरेला उपयोगी पडलं ते चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांच्या अभ्यासात (‘लॅन्सेट’, २०२४) हळूहळू वाढवलेल्या चालण्याच्या कार्यक्रमात असलेल्यांना कंबरदुखी परत यायला मध्यक २०८ दिवस लागले, इतरांना ११२. बुटाकडून अपेक्षा ठेवायची ती चालणं सुरू ठेवू देण्याची.

एक चूक निव्वळ मध्यमवर्गीय. सेलमध्ये दोन जोड घेतले आणि एक ‘पुढे होईल’ म्हणून माळ्यावर ठेवला. दोन पावसाळे गेल्यावर काढला, तर तलावपाळीला पोचेपर्यंत सोलचा भुगा व्हायला लागला. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणानं आतून तुटत जातो. न वापरता ठेवलेलाही तुटतो. ठाणे-मुंबई-कोकणात बूट साठवणं म्हणजे पैसे भिजत ठेवणं. वापरातल्या बुटाचा फोमही वरून चांगला दिसत असताना आतून बसून जातो. बूट टेबलावर ठेवून मागून बघावा. एका बाजूला झुकलेला दिसला तर त्याचं काम संपलं.

आणि सगळ्यांत मोठी चूक घराच्या आत होती. सकाळी तासभर उत्तम बुटांत चालायचं, बूट दारात काढायचे आणि उरलेला दिवस टणक टाइल्सवर अनवाणी काढायचा. टाच बरी होत नव्हती त्याचं कारण हेच. बाईंनी घरात एमसीआरच्या चपला घालायला सांगितल्या. मायक्रोसेल्युलर रबराच्या या चपला आपल्याकडे रुजल्या त्या कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांना जखमा होऊ नयेत म्हणून, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पादत्राणांवर मोठं काम केलं. आज मधुमेही आणि टाचदुखीवाले त्या घालतात. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल हा विषय सोपा नव्हता. “उंबऱ्याबाहेर एकदा जरी गेली, तरी परत आत येणार नाही,” या अटीवर हिनं परवानगी दिली. काही आठवड्यांतच सकाळचं पहिलं पाऊल सुसह्य झालं. आता तसा एक जोड तिनंही घेतला आहे.

एक गोष्ट बुटांच्या पलीकडची. पायात ताकद कमी वाटणं, जांघेत बधिरपणा येणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काही कंबरदुखीबरोबर दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर पायाची संवेदना तपासून घेतल्याशिवाय नवा बूट घेऊ नका. बधिर पायाला चावणारा बूट कळतच नाही.

बाकीच्यांनी खरेदीला संध्याकाळी जावं, नेहमीचे मोजे घालून जावं. दोन्ही पायांत बूट घालून, नाडी बांधून, दुकानात निदान पाच मिनिटं चालावं. कुणी घाई केली तरी. आणि पहिल्या मिनिटाला कुठेही बोचत असेल तर दुकानातला मुलगा “सैल होतील” म्हणाला तरी खोका त्याच्या हातात परत द्यावा.