चिपचे कान

मुलांनो, तुम्ही कधी माथेरानला आलात, तर दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरावंच लागेल. पुढे गाडी नाही! उतरल्या उतरल्या घोडेवाले, हमाल, हॉटेलांची माणसं यांचा एकच गलका कानावर पडतो. पण त्या गलक्यातही आईची हाक नेमकी ऐकू येते की नाही? बाकीचं सगळं आपण सोडून देतो.

वायफायची चिपही अगदी असंच करते बरं का! शेजारपाजारच्या सगळ्या लहरी तिच्यापर्यंत येतात, पण आपला पत्ता असलेले निरोप तेवढे ती पुढे पाठवते, बाकीचे टाकून देते. हे तिला शिकवतो चिपमध्ये चालणारा एक छोटासा प्रोग्रॅम. त्याचं नाव फर्मवेअर.

आमच्या शाळेत एक 'रास्पबेरी पाय ३' आहे. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक! २०१६ साली हे मॉडेल आलं, तेव्हा वायफाय पहिल्यांदाच पाटीवर बसवलेलं मिळालं. गंमत म्हणजे त्या वायफायच्या चिपमध्ये आणखी एक इवलासा प्रोसेसर असतो. म्हणजे संगणकाच्या पोटात संगणक.

आमची अडचण साधी होती. शनिवारी सकाळच्या शाळेत धड्याचा व्हिडिओ अडत अडत चालायचा. सोमवारी मात्र सुरळीत. का बरं? पर्यटक शनिवारी येतात, हे माथेरानच्या पोरांना सांगावं लागत नाही. पण हवेत नक्की कुठे गर्दी होते, ते मोजायचं कसं? त्यासाठी चिपनं सगळ्यांचंच ऐकायला हवं.

जर्मनीतल्या डार्मस्टाट तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच साधलं. त्यांनी 'नेक्सस ५' या फोनच्या चिपचं फर्मवेअर उलगडलं, हवं तिथे आपला कोड जोडला आणि चिपला सगळं ऐकायला लावलं. त्या प्रकल्पाचं नाव 'नेक्समॉन'. पुढे तो आमच्या पायच्या चिपवरही चालू लागला.

"बाई, चिप बिघडली तर?" हा पहिला प्रश्न. रास्तच होता. या चिपच्या प्रोग्रॅमचा काही भाग तिच्यात कायमचा कोरलेला असतो, पण उरलेला भाग मेमरी कार्डावर साध्या फाइलसारखा राहतो आणि दर वेळी संगणक सुरू होताना चिपमध्ये भरला जातो. मूळ फाइल जपून ठेवली, की ती परत घालून पुन्हा सुरू करायचं. झालं!

दुसरा प्रश्न पाचवीतल्या एका मुलीनं विचारला आणि वर्ग गप्प झाला. "बाई, म्हणजे आपण दुसऱ्यांचं चोरून ऐकणार?"

खरं सांगते, मला हा प्रश्न सगळ्या तंत्रापेक्षा मोठा वाटला. वायफायला पासवर्ड असला, की निरोपातला मजकूर कुलूपबंद असतो. पण कोणतं यंत्र बोलतंय आणि किती बोलतंय, हे बाहेरूनही दिसतं. पाकीट न फोडता त्यावरचा पत्ता वाचावा, तसं. मुलांनी बराच वेळ वाद घातला. शेवटी ठरलं, की फक्त निरोप मोजायचे, पत्ते साठवायचे नाहीत, मजकुराला हात लावायचा नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, मगच काम सुरू झालं.

पायला तारेनं जोडलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल वापरतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे मात्र एकमेकांपासून सुटे. मुलांनी फळ्यावर रकाने आखले, एकेका चॅनेलवर सारखाच वेळ ऐकलं आणि आकडे मांडले. शनिवारी ६ वर नुसती झुंबड! आणि आमचा राउटर कुठे होता? ६ वरच! तो ११ वर नेला. व्हिडिओ आता अडत नाही असं नाही, पण धडा तासात संपतो.

एक व्याप मात्र उरलाच. संगणकाची प्रणाली अद्ययावत केली, की कधी कधी मूळ फर्मवेअर परत येतं आणि सगळी कृती पुन्हा करावी लागते. ती कृती वहीत पायरीपायरीनं उतरवून ठेवली आहे त्याच पाचवीतल्या मुलीनं. पहिली ओळ तिनं लाल पेन्सिलीनं लिहिलीय: आधी परवानगी घेतली का?