झांजेवर झांज

ड्रमची झांज घडवणाऱ्याची सारी मेहनत असते ती रेंगाळणाऱ्या निनादासाठी. सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील यांच्या कांस्यातून झिल्जियन घराण्याने १६२३ पासून इस्तंबूलमध्ये आणि १९२९ पासून अमेरिकेत कीर्ती मिळवली ती याच निनादाची. आणि वादक काय करतो? मोठ्या क्रॅशवर छोटी चायना पालथी घालून वरचा नट आवळतो. दोन्ही झांजा एकमेकींची कंपने दाबतात. उरतो कोरडा, तुटक आवाज. नट सैल केला की त्यात सळसळ येते, घट्ट केला की टाळीसारखा ठोका.

ही नासधूस आहे, असे आम्ही मानत नाही. जलद लयीत लांबणारा निनाद पुढच्या ठोक्याला झाकोळतो. तिथे शांतताही वाजवावी लागते. माइक पोर्टनॉय यांच्या नावाने सेबियन कंपनीने असे तयार जोड बाजारात आणले. आम्हांला मात्र कडेला चीर गेलेल्या, अडगळीतल्या झांजेचे अप्रूप अधिक. एकटी वाजवली तर ती कानाला बोचते. जोडीत तीच चीर आवाजाला खरखर देते. चीर वाजवण्याने वाढत जाते, हेही खरे. ती झांज मोडली की दुसरी आणून तोच आवाज पुन्हा जुळवता येत नाही.