कावडींतलें पाणी

ग्रंथांवर अभिप्राय लिहिण्याचें काम ज्यानें पत्करलें, त्याचें वाचन हळूहळू कारकुनी होत जातें, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. प्रस्तावना चाळावी, मधलीं चार प्रकरणें पाहावीं, समारोपावर पेन्सिलीची रेघ ओढावी आणि दोन रकाने मजकूर संपादकांकडे धाडून द्यावा! गेल्या दहा-बारा वर्षांत अशीं किती पुस्तकें हातांखालून गेलीं याची गणती नाहीं. परंतु त्यांतील एखादें रात्रीं उशाशीं घ्यावें असें वाटल्याचें स्मरत नाहीं. हा वयाचा दोष, अशी आम्हीं मनाची समजूत करून घेतली होती.

हा भ्रम गेल्या पावसाळ्यांत फिटला. आमच्या मातोश्रींची दृष्टि अलीकडे फार मंदावली आहे. दुपारीं घटकाभर कांहीं वाचून दाखवावें, अशी त्यांनीं इच्छा दर्शविली, तेव्हां कपाटांतून विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’ हातीं लागलें. या ग्रंथाशीं आमचा परिचय जुना. त्यावर आम्हीं पूर्वीं एक लेखही लिहिला होता. वरसईचे हे कर्जानें गांजलेले भिक्षुक १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं चुलत्यांसह उत्तर हिंदुस्थानांत गेले व बंडाच्या वावटळींत सांपडले. १८५८ सालीं झांशीस वेढा पडला तेव्हां ते शहरांतच होते. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं आपला हात फिरवून हें पुस्तक छापलें आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. हें सर्व त्या लेखांत यथास्थित होतें.

परंतु मोठ्यानें वाचूं लागतांच आमची त्रेधा उडाली. डोळ्यांस पानें ओलांडण्याची संवय. जिभेस ती सवलत नाहीं! एकही वाक्य गाळतां येईना. शिवाय मातोश्री मध्येंच थांबवीत. प्रवासास निघण्याची परवानगी घरच्यांनीं दिली, तो भाग त्यांनीं दोनदां वाचावयास लावला. जमविलेलें द्रव्य लुटलें गेलें, तेथें आम्ही पूर्वीं केवळ सैन्याच्या हालचालींची तारीख शोधली होती. मातोश्री म्हणाल्या, “आतां रे त्याचें कर्ज कसें फिटायचें?” आणि त्या दिवशीं पुढें वाचूं देईनात.

अखेर विष्णुभट गंगेची कावड घेऊन परतीच्या वाटेस लागले. पुस्तक मिटतांना मातोश्रींनीं विचारलें, “अरे, एवढ्या धामधुमींतून तें पाणी घरीं पोंचलें का?”

आम्ही निरुत्तर झालों. आवृत्त्यांचीं सालें तोंडपाठ, आणि पाण्याचा पत्ता नाहीं! ‘उद्यां वाचूं’ म्हणून कशीबशी वेळ मारून नेली.

त्या रात्रीं आम्ही तें पुस्तक घेऊन बसलों. कोणास अभिप्राय द्यावयाचा नव्हता. हातीं पेन्सिल नव्हती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही एका गरीब ब्राह्मणाच्या खांद्यावरील कावडीकडे पाहत मैलामागून मैल चाललों होतों. पाणी वरसईस पोंचलें. मुलानें त्या गंगोदकानें आईबापांस स्नान घातलें. दिवा मालविला तेव्हां दोन वाजून गेले होते. वयाच्या चौदाव्या वर्षीं कंदिलापाशीं असेच जागलों होतों, याची तेव्हां आठवण झाली.

दुसऱ्या दिवशीं तें पान वाचून दाखविलें. मातोश्रींनीं पदरानें डोळे टिपले आणि “बरें झालें हो,” एवढेंच म्हणाल्या.

सायंकाळीं आमचा तो जुना लेख काढून पाहिला. त्यांत एकही चूक नव्हती. मात्र वाटेंतल्या माणसाचें पुढें काय झालें, अशी विचारपूस कोठेंही नव्हती. आम्ही बोलावयास कांहीं मिळावें म्हणून वाचीत होतों. मातोश्रींस त्या माणसाची काळजी होती. आमचें वाचन आटलें तें याचमुळें. वयाकडे त्याचा दोष नव्हता.

लेख पुन्हां जागच्या जागीं ठेवला. आंतून हांक आली, “आतां उद्यां कोणतें काढतोस?” आणि आम्ही लगबगीनें कपाट उघडलें.