उंबरठ्यावरचे शब्द

आमच्या खानदेशात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. युनिक्सची रीत उलटी! नाव आणि पासवर्ड सांगितल्याखेरीज आत पाऊल नाही.

जळगावच्या एका संगणककक्षात या दारावरचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. 'ईटीसी'मधील 'इश्यू' ही फाइल प्रवेशाआधी दिसते, 'एमओटीडी' प्रवेशानंतर. दुरून येणाऱ्यांसाठी पहिलीच 'बॅनर' म्हणून जोडावी लागते. धुळ्याचा मित्र म्हणाला, "पाटीवर 'सुस्वागतम्' लिही." मी नको म्हटले. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम विनापरवानगी प्रवेशाविषयी आहे. घुसखोर उद्या स्वागतालाच परवानगी म्हणायचा! म्हणून लिहिले, 'केवळ अधिकृत व्यक्तींसाठी. वापराची नोंद ठेवली जाते.' तेही इंग्रजीत. लिनक्सच्या साध्या पडद्यावर फार तर ५१२ अक्षराकृती मावतात, जोडाक्षरे जुळत नाहीत. प्रणालीची आवृत्तीही पाटीवरून काढली. चोराला कुलपाची जात कशाला सांगावी?

आमचे बहुतेक जण मात्र दुरून, खिडकीतल्या टर्मिनलवरून येतात. तेथे मराठी वाचता येते. म्हणून दुसऱ्या फाइलीत लिहिले, 'या, बसा. शनिवारी यंत्र बंद राहील.'

मित्रहो, शब्द कोठे उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे साहित्याच्या तासाला ऐकले होते. पटले ते येथे.