पाचशे पुत्रांची माता

शोकाचे औषध बहुधा घरात सापडत नाही, हे आमच्या जुन्या नाटककारांस चांगले ठाऊक होते. आपल्या विदर्भभूमीचा कवी भवभूती याचे उत्तररामचरित ज्यांनी वाचले असेल त्यांस त्यातील वृद्ध कौसल्या आठवेल. ऋष्यशृंगाचे सत्र संपले, तरी ती माउली सुनेवाचून अयोध्येत पाऊल ठेवावयास तयार होत नाही. ती वाल्मीकींच्या आश्रमाची वाट धरते. तेथे, त्या परक्या ठिकाणी, खेळणाऱ्या बटूंमध्ये तिला लव दिसतो. तो आपला नातू आहे हे तिला माहीत नसते. तरी त्यास पाहून तिच्या जिवास गारवा मिळतो. चौथ्या अंकातील हा प्रसंग शिकविताना वर्गातील दांडगी मुलेही गप्प बसत, असा आमचा अनुभव आहे.

असेच एक नाटक छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) परिसरात पाषाणात कोरलेले आहे. त्याची नायिका हारीती. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो होतो. त्या दर्शनाची हकीकत वाचकांस सादर करितो.

या शहरात येणारा प्रवासी प्रथम बीबी का मकबरा पाहतो, तसा आम्हीही पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम इ. स. १६५७ मध्ये, प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत, वारली. तिच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू तिचा पुत्र आझमशहा याच्या नावाशी सामान्यतः जोडली जाते. ताजमहालाशी तुलना करून या इमारतीस नावे ठेवण्याची रूढी पडली आहे. परंतु मुलाने आईसाठी केलेले काम तुलनेच्या तागडीत घालू नये, असे आम्हांस वाटते.

मकबऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरांवर, शहराच्या उत्तरेस, डोंगराच्या कडेला औरंगाबादची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या ओढीने प्रवासी यांच्याकडे पाठ फिरवितात. त्यामुळे येथे शांतता पुष्कळ. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील. त्यांतील सातवे सर्वांत देखणे. दाराशेजारी अवलोकितेश्वराची भव्य मूर्ती असून तिच्या दोन्ही बाजूंस आग, शस्त्र, जहाजबुडी, सिंह, सर्प, हत्ती इत्यादी संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. आत गर्भगृहाच्या भिंतीवर एक नर्तकी भोवतालच्या वादक स्त्रियांच्या तालावर नाचते आहे. आणि ओसरीच्या एका टोकाशी, लहानशा देवडीत, पांचिक यक्ष व त्याची पत्नी हारीती ही दोघे बसली आहेत.

हारीती हा शब्द हृ या हरणार्थी धातूशी जोडतात. ही यक्षिणी मुळात बालकांचे हरण करणारी. बौद्धांच्या विनयग्रंथांतील कथा अशी आहे की, राजगृह नगरीतील मुले एकामागून एक नाहीशी होऊ लागली. ही यक्षिणी ती नेऊन खात असे. तिला स्वतःचे पाचशे पुत्र. सर्वांत धाकटा प्रियंकर तिचा विशेष लाडका. नगरवासी बुद्धांस शरण गेले, तेव्हा त्यांनी प्रियंकरास आपल्या भिक्षापात्राखाली लपविले. हारीती सात दिवस वेड्यासारखी त्यास शोधीत फिरली आणि शेवटी बुद्धांपुढे आली. त्यांनी विचारले : पाचशेंतून एक दिसेनासा झाला तर तुझी ही अवस्था, मग ज्यांना एक किंवा दोनच होती आणि तीही तू नेलीस, त्यांची काय गत झाली असेल? यक्षिणीचा गर्व उतरला. तिने हिंसा सोडण्याचे व्रत घेतले आणि पुत्र परत मिळाला. मग तिने अगदी संसारी बाईस साजेसा प्रश्न केला : आता माझ्या मुलांनी खावे काय? बुद्धांनी सांगितले की, प्रत्येक विहारात भिक्षू तुझा व तुझ्या मुलांचा घास रोज बाजूला काढतील. तू विहारांचे आणि बालकांचे रक्षण कर.

या कथेचे सर्वांत सुंदर रूप पाहावयाचे तर शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवरील अजिंठ्यास गेले पाहिजे. तेथील दुसऱ्या लेण्यात, मुख्य गर्भगृहाच्या उजव्या हातास असलेल्या छोट्या देवघरात, हारीती व पांचिक आहेत. हे काम पाचव्या शतकातील, वाकाटककालीन. बाजूच्या भिंतींवर पूजासाहित्य घेऊन, मुलाबाळांसह येणाऱ्या स्त्रिया रंगविल्या आहेत. मूर्तींच्या वरच्या दोन कोपऱ्यांत नाटकाचे जणू दोन अंकच कोरले आहेत : एकीकडे हारीती क्रोधाने बुद्धांवर चालून येते, दुसरीकडे तीच विनम्र होऊन त्यांच्यापाशी आली आहे. खाली पीठावर मुलांची एक रांग आहे, आणि तिने आम्हांस बराच वेळ खिळवून ठेवले. तेथे एक पंतोजी हाती छडी घेऊन बसले आहेत. पुढची मुले अभ्यासात दंग; मागच्या मुलांनी मात्र मास्तरांची नजर चुकवून खेळ मांडला आहे! पंधराशे वर्षांत वर्गाच्या मागल्या बाकाची रीत बदललेली नाही, हे पाहून आम्हांस हसू आवरेना. नीट विचार करिता या गमतीतील मर्मही ध्यानात आले. जी यक्षिणी लोकांची मुले पळवीत होती, तिच्याच पायाशी शिल्पकाराने शाळा भरविली आहे.

आमच्यासमवेत आमच्या वडील भगिनी होत्या. त्यांचा थोरला मुलगा दहाव्या वर्षी विषमज्वराने गेला, त्यास आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. घरात त्याचे नाव कोणी काढीत नाही. आम्ही कथा सांगितली, ती अक्कांनी नीट ऐकून घेतली आणि त्या म्हणाल्या, "अरे, पाचशे असोत नाहीतर एक, जे मूल उठून गेलं, त्याचा पाट रिकामाच राहतो. आणि हिचं तर परत मिळालं!"

यावर आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. अक्कांचे म्हणणे खरे होते. परंतु बुद्धांचा प्रश्न पुन्हा तपासून पाहिला, तेव्हा दिसले की त्यांनीही हिशेब मांडलेला नाही. अजून चारशे नव्याण्णव उरले आहेत ना, असे ते म्हणत नाहीत. सांत्वनास येणारे आपण लोक मात्र नेमके तेच म्हणतो : दुसरी मुले आहेत, त्यांच्याकडे पाहा. बुद्धांनी तिचा शोक खरा मानला आणि त्याच शोकाच्या मापाने दुसऱ्या घरचा शोक मोजावयास सांगितले. ज्या किसा गोतमीचे मूल परत यावयाचे नव्हते, तिलाही त्यांनी उपदेश केला नाही. ज्या घरी कोणी मेलेले नाही तेथून मूठभर मोहरी आण, म्हणून त्यांनी तिला दारोदार पाठविले. दोघींनाही उंबऱ्याबाहेर काढले. एकीचे मूल मिळाले, एकीचे नाही. औषध मात्र एकच. हे आम्ही अक्कांस सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण परतीच्या वाटेवर त्यांनी आपण होऊन नातवंडांस त्या मुलाच्या खोड्या सांगितल्या. त्याचे नाव आमच्या घरातील लहान मुलांनी त्या दिवशी प्रथम ऐकले.

हारीती स्वतःही उंबऱ्याबाहेर फार दूर गेली. गांधारात तिच्या मूर्ती सापडल्या आहेत. इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गाने भारताकडे निघालेला व पुढे नालंदेत राहिलेला चिनी यात्रेकरू इ-त्सिंग याने लिहून ठेविले आहे की, येथील विहारांत भोजनशाळेपाशी, कडेवर मूल घेतलेली हारीती असे व तिला रोज नैवेद्य मिळे. जावा बेटातील मेंदुतच्या मंदिरात ती मुलांच्या गराड्यात कोरलेली आहे. काठमांडूस स्वयंभू स्तूपाजवळ देवीच्या आजारापासून मुलांस राखणारी म्हणून ती पूजिली जाते. जपानात तिचे नाव किशिमोजिन, हाती डाळिंब. टोकियोतील तिच्या देवळात आजही आया मुलांच्या सुखरूपतेसाठी जातात. ज्या देशांची भाषा तिला ठाऊक नव्हती, तेथील मुलांची ती आई झाली.

जाणारांच्या सोयीसाठी दोन शब्द. अजिंठा सोमवारी बंद असतो. फर्दापूर फाट्यावर आपले वाहन ठेवून पुढे बसने जावे लागते. दुसऱ्या लेण्यात प्रकाश मंद आहे; डोळे स्थिरावू द्यावेत, म्हणजे पीठावरील मुले एकेक करून दिसू लागतात. औरंगाबाद लेण्यांस सकाळी जावे आणि पायऱ्या चढताना वृद्धांनी घाई करू नये. घरात ज्यांचे दुःख जुने होऊन मुके झाले आहे, अशा एखाद्या वडीलधाऱ्या बाईस अवश्य बरोबर न्यावे. तेथे आपण फार बोलू नये. त्यांना काही बोलावेसे वाटले, तर ऐकावे.