आधी वाढू द्या, मग छाटा

बोन्साय शिकायचं ठरवलं आणि पहिलाच सल्ला मिळाला, "कुंडीचं राहू दे बेटा, रोप आधी जमिनीत लाव. चांगलं माणसाएवढं होऊ दे." सांगणारे होते लष्कर भागातले एक निवृत्त काका. ग्वाल्हेरच्या उन्हात गच्चीवर वामनवृक्ष वाढवण्यात त्यांची हयात गेली. समोर त्यांची चिंच होती. उंची फूटभर, बुंधा मनगटाएवढा, सालीला भेगा, मुळं चारी बाजूंना फाकून माती धरून बसलेली. माझ्या हातात चिंचेचंच रोप, पेन्सिलीएवढं बारीक. झाड लहान ठेवायचं तर ते मोठं कशाला करायचं, हे काही केल्या उमगेना.

चिंच मी हट्टाने निवडली होती. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या कबरीजवळ चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, या श्रद्धेने गवई तिथे येत आले आहेत. शिवाय चिंचेची पानं मुळातच बारीक, म्हणून छोट्या झाडालाही शोभतात. पण वाढीला ती फार सावकाश. "म्हणूनच तर तिला मोकळं सोडायचं," काका म्हणाले.

मग त्यांनी हिशेब मांडला. झाड डौलदार दिसायला खोडाची जाडी उंचीच्या साधारण एक षष्ठांश हवी. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या झाडाला ५ सेंटिमीटरचा बुंधा. माझं रोप जेमतेम ७ मिलिमीटर. त्या हिशेबाने त्याला ४ सेंटिमीटर उंचीच शोभली असती! आणि खोड जाड करतात ती पानं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं आणि साल व लाकूड यांच्या मधला जिवंत पापुद्रा त्यावर नवं लाकूड चढवत जातो. पानं खुडत राहिलो तर अन्न कमी पडतं. बोन्सायच्या उथळ तबकात मुळं कोंडली तर पालाही वाढत नाही. तबक झाड आहे तसं राखतं, ते घडवायचं काम जमिनीचं.

जमिनीत लावण्यातही खुबी होती. चिंचेचं सोटमूळ सरळ पाताळाकडे निघतं. काकांनी ते आखूड केलं, खड्ड्यात एक फरशी आडवी ठेवली, तिच्यावर मातीचा थर दिला आणि उरलेली मुळं बोटांनी एकेक करून चहूबाजूंना पसरली. ती आडवीच वाढतात आणि बुंध्याचा पाया रुंद होतो. हे काम त्यांनी पाऊस नीट लागल्यावरच करायला लावलं. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू अंग भाजून काढते. ताज्या कापलेल्या मुळांना ती सोसवत नाही. जानेवारीत धुकं आणि थंडी इतकी, की झाड थिजल्यासारखं उभं राहतं. खरी वाढ पावसाळ्यातली, ती वाया घालवायची नाही.

मला सर्वांत कोड्यात पाडलं ते खालच्या एका फांदीने. जमिनीपासून चार बोटांवर फुटलेली, वाकडीतिकडी, चित्रात कुठेच न बसणारी. मी कात्री उचलली, तर काकांनी हात धरला. "ही ठेवायची नाहीच आहे. पण तोडायची घाई नको." फांदीवरच्या पानांचं अन्न तिच्या खालच्या खोडाला मिळतं, म्हणून नेमका बुंधा फुगतो. तिचं काम झालं की तिला कापायचं. मुख्य शेंड्याचंही तेच. वाढलेलं झाड पुढे अगदी खालून कापायचं, एका नव्या धुमाऱ्याला शेंडा करायचं, तो खालच्या जाडीच्या जवळपास आला की पुन्हा कापायचं. अशाने खोड खाली रुंद, वर निमुळतं होतं. कापल्याच्या जखमाही जमिनीतच भरू द्यायच्या, कारण तबकात वाढ मंदावते आणि जखम वर्षानुवर्षं उघडी दिसते.

आता मी रोज त्या फांदीशी बसते. ती जिथे खोडाला मिळते तिथली साल ताणून फिकट झालीय, बारीक उभ्या चिरा पडल्यात. वरचं खोड अजून तसंच गुळगुळीत आहे. नियम पाठ करून जे समजलं नव्हतं, ते या चार बोटांच्या अंतरात दिसतं.

शेजारी वडाची काही रोपं एकत्र बांधून लावली आहेत. वडाच्या जातीत खोडं एकमेकांना घासत वाढली की जुळून एक होतात. चिंचेपेक्षा हा जवळचा रस्ता. तरी माझा जीव चिंचेतच आहे.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून माणसांच्या हाताखाली वाढलेला, १९४५ मध्ये हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला, १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने अमेरिकेला भेट दिलेला. त्यापुढे माझी दोन-चार पावसाळ्यांची प्रतीक्षा काहीच नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एवढंच सांगेन : सुंदर तबक शेवटी घ्या. आधी वीतभर जमीन, नसेल तर मोठी कुंडी शोधा, आणि रोपाला पोटभर वाढू द्या.