कॅन्टनमधले धावणारे

क्लीव्हलंडहून दक्षिणेकडे ७७ नंबरचा महामार्ग धरला की तासाभरात कॅन्टन येतं. ओहायो राज्यातलं हे एक साधं, कारखान्यांवर वाढलेलं शहर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची समाधी इथे आहे, पण बहुतेक गाड्या वळतात त्या रस्त्यालगतच्या एका विचित्र घुमटाकडे. अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू उभा धरून अर्धा छपरातून वर काढावा, तसा तो दिसतो. हे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम. १९२० मध्ये याच गावातल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये संघांचे मालक जमले आणि आजच्या एनएफएलचा पाया घातला गेला. म्हणून १९६३ मध्ये हॉलही इथेच उघडला.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा मामेभाऊ म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. बडोद्यात असताना क्रिकेटशिवाय दुसरा खेळ न पाहिलेला दादा आता क्लीव्हलंड ब्राउन्सची टोपी घातल्याशिवाय रविवारी टीव्हीसमोर बसत नाही. पोराला शाळेच्या संघात रनिंग बॅक व्हायचंय, आणि संमतीचा फॉर्म वहिनीच्या पर्समध्ये तसाच पडून होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो, नाही तर रनिंग बॅकच्या हातात देतो. मग त्याने तो पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं. कबड्डीतली चढाई आठवा, फक्त इथे समोर अकरा जण असतात आणि त्यातले कित्येक शंभर किलोच्या वरचे. एका सामन्यात असे वीस-पंचवीस वेळा आदळायचं.

आतल्या दालनात मंद उजेडात ब्राँझचे अर्धपुतळे ओळीने मांडलेत. साडेतीनशेहून जास्त डोकी! गंमत म्हणजे इथे पहिला-दुसरा नंबर कुणालाच नाही. ज्या वर्षी मान मिळाला, त्या वर्षाच्या रांगेत प्रत्येक जण उभा. त्यामुळे नंबर लावायचं काम बघणाऱ्यांकडे येतं, आणि आजूबाजूच्या प्रत्येक कुटुंबात तेच चाललं होतं.

आकडेच बघायचे तर वाद नाही. एमिट स्मिथ, १८,३५५ यार्ड, सगळ्यांत पुढे. पण तो १५ हंगाम खेळला, आणि डलासमध्ये त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे गडीही जबरदस्त होते. दादाचा जिम ब्राउन फक्त नऊ हंगाम खेळला, तेही १२ आणि १४ सामन्यांचे. (आता १७ सामने असतात.) नऊपैकी आठ वर्षं सर्वाधिक यार्ड त्याचेच. एकूण १२,३१२, म्हणजे सामन्यामागे १०४ हून जास्त. एमिटचे पडतात ८१. हे आपल्याकडच्या विजय हजारे मोठे की सचिन या भांडणासारखंच. डाव मोजायचे की धावा, हे आधी ठरवावं लागतं.

ब्राउनची एक सवय मला फार आवडली. दर वेळी पाडल्यावर तो मुद्दाम सावकाश उठायचा आणि रमतगमत परत जायचा. लागलंय की नाही, हे समोरच्यांना कळूच द्यायचं नाही. तिसाव्या वर्षी, ऐन भरात, लंडनमध्ये सिनेमाचं शूटिंग चालू असताना त्याने खेळ सोडल्याचं जाहीर केलं. वहिनीने मात्र आठवण करून दिली की स्त्रियांवर हात उगारल्याचे आरोप त्याच्यावर अनेकदा झाले. पुढे ओ. जे. सिम्पसनचाही पुतळा जागेवर आहे. निवड करताना फक्त मैदानावरचा खेळ बघायचा, असा इथला नियम आहे. वहिनीला तो पटला नाही, मलाही पूर्ण पटला असं नाही.

पोराचं दैवत बॅरी सँडर्स. डेट्रॉइटचा, पाच फूट आठ इंचांचा. जुन्या फिती बघून त्याला त्याच्या हुलकावण्या पाठ आहेत. १९९७ मध्ये एका हंगामात २,०५३ यार्ड! टचडाउन केल्यावर नाच नाही, आरडाओरडा नाही, चेंडू शांतपणे पंचाच्या हातात. विक्रम १,४५७ यार्डांवर आला असताना १९९९ मध्ये गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून तो निवृत्त झाला. विक्रम तेव्हा वॉल्टर पेटनच्या नावावर होता, आणि माझा पहिला नंबर पेटनला.

शिकागो बेअर्सचा पेटन तेरा हंगामांत एकच सामना चुकला. टेकडीवर धावून धावून त्याने पाय कमावले होते. १९७७ मध्ये अंगात फ्लू असताना त्याने एका सामन्यात २७५ यार्ड काढले. पण मी त्याला वर ठेवतो ते दुसऱ्या कामांसाठी. चेंडू आपल्याकडे नसताना तो साथीदारासाठी अंगावर धडक घ्यायचा, चेंडू झेलायचा, वेळ पडली तर फेकायचासुद्धा. त्याच्या फेकीवर आठ टचडाउन झाले. आणि १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सनी ४६ गुण केले, एका अगडबंब बचावपटूलाही टचडाउन करू दिला, पेटनला मात्र एकही मिळाला नाही. १९९९ मध्ये, पंचेचाळिशीतच, यकृताच्या आजारानंतर पित्तनलिकेच्या कॅन्सरने तो गेला.

"भाऊजी, नंबर लावा हवे तितके," वहिनी म्हणाली, "पण यांतल्या किती जणांचे गुडघे शाबूत राहिले?"

उत्तर समोरच होतं. अर्ल कॅम्पबेल, सलग तीन वर्षं सर्वांत जास्त यार्ड काढणारा, ज्याला पाडायला तीन-चार जण लागायचे. नंतर त्याला चालणं अवघड झालं, व्हीलचेअर घ्यावी लागली. गेल सेयर्स गुडघ्यांमुळे ६८ सामन्यांतच संपला. ३४ व्या वर्षी इथे मान मिळाला, आणि २०२० मध्ये तो गेला तेव्हा स्मृतिभ्रंशाने त्याला बरीच वर्षं ग्रासलेलं होतं. दादा गप्प झाला. यार्ड मोजताना हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

पोराने सेयर्सच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आई, बॅरी सँडर्स मग बरोबर वेळेवर थांबला ना?"

"थांबला," ती म्हणाली, "पण दहा वर्षं खेळून."

परतताना गाडीत तिनेच तोडगा काढला. यंदा फ्लॅग फुटबॉल. त्यात कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढली की संपलं. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आहे. पोराचं तोंड अॅक्रन येईपर्यंत फुगलेलं. मग त्याने मागच्या सीटवरून विचारलं, फ्लॅगमध्ये हुलकावणी चालते का. दादा म्हणाला, तिथे तेवढंच चालतं.